दोन इंच

शेजारच्या आजींनी कुंपणावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुरचुंडी दिली तेव्हा मला आधी वाटलं, सुरण! इंडियानात सुरण कुठून येणार, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण पंधरा वर्षं परदेशात काढलेल्या कोकणी माणसाची जीभ डोक्याच्या आधी विचार करते. आत सुरण आणि रताळं यांच्या भाऊबंदकीत कुणालाच नको झाल्यासारखा एक वेडावाकडा गड्डा होता. त्याच्या डोक्यावर गुलाबी, फुगीर, बोटाच्या पेराएवढे पाच कोंब.

"याला पाच डोळे आहेत," आजी म्हणाल्या. "डोळे वर ठेव. वर दोन इंच माती. जास्त नको."

गड्डा पिओनीचा होता. पिओनी हे इंडियानाचं राज्यफूल. १९३१ पासून तो मान झिनियाकडे होता. १९५७ साली विधिमंडळानं झिनियाचं तिकीट कापलं आणि पिओनीला दिलं. यावरून हे झाड वशिल्याचं असणार एवढं मी ताडलं होतं. आजींच्या आजीच्या शेतावरून हा वंश चालत आलेला. जात सारा बर्नहार्ट. त्या फ्रेंच नटीच्या हयातीतच, १९०६ साली, फ्रान्समधल्या लमुआन रोपवाटिकेनं तिच्या नावानं आणलेली. एकदा रुजलं की हे झाड पन्नास-पाऊणशे वर्षं हलत नाही म्हणे. आमच्या घराचं कर्ज त्याच्या आधी फिटेल, या विचारानं मला बरं वाटलं.

आता 'दोन इंच'. गुहागरला बाबा नारळ लावायचे तेव्हा कंबरभर खड्डा असायचा, तळाशी मीठ, वर रेती, आणि खड्ड्यात उभं राहून बाबांची 'मूळ खोल तर झाड डौलात' अशी व्याख्यानं. त्या माणसाच्या मुलानं दोन इंच माती घालायची? कोथिंबीर आहे का ती? शिवाय इथे जानेवारीत पारा उणे पंधराच्या खाली जातो. मला त्या पाच डोळ्यांची दया आली. मी चांगला वीतभर खोल खड्डा खणला, गड्डा आत निजवला, वर शेणखत घातलं, त्यावर पाचोळ्याची दुलई. मीठ तेवढं घातलं नाही, हा माझा संयम.

एप्रिलमध्ये बिटाच्या रंगाचे कोंब वर आले. महिन्याभरात तुकतुकीत हिरवी पानं. फूल नाही. पुढच्या वर्षी पानं वाढली. फूल नाही. तिसऱ्या वर्षी तर एवढी पानं आली की पालेभाजी म्हणून बाजारात नेता आली असती. दर मे महिन्यात आई फोनवर विचारायची, "काय रे, काही आलं का?" लग्नानंतर पहिली तीन वर्षं ती याच आवाजात वेगळं काहीतरी विचारायची. बायको पलीकडून म्हणायची, "आई, त्याला खत जास्त झालंय. झाडाला म्हणतेय मी."

शेवटी आजी काठी टेकत आल्या, वाकल्या आणि बुंध्याशी मातीत बोट खुपसलं. बोट पूर्ण आत गेलं तरी डोळा लागेना. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी न विचारताच म्हणालो, "थंडी लागेल म्हणून."

"अरे, थंडीच तर हवी त्याला," आजी म्हणाल्या.

तर प्रकार असा, की पिओनीच्या डोळ्यांना काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाली नाही, तर त्यांच्यात फूल धरत नाही. मी दुलई पांघरून, अंगाई म्हणून त्यांना तीन हिवाळे ऊब दिली होती. थोडक्यात, मी त्या झाडाला आपल्याकडच्या एकुलत्या एक मुलासारखं वाढवलं होतं. ("एक गड्डा इकडे आण," असं आई दर वर्षी म्हणते. गुहागरात थंडी म्हणजे पहाटे पंखा एकावर ठेवणं. तिथे तो गड्डा जन्मभर डोळे मिटून पडेल.)

सप्टेंबरात आजींच्या देखरेखीखाली गड्डा उपसला आणि फूटपट्टीनं मोजून दोन इंच खाली लावला. हलवल्याचा राग म्हणून पुढच्या वर्षीही झाड रुसलंच. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे एकूण पाचव्या उन्हाळ्यात, तीन कळ्या आल्या. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या, आणि सगळ्या अंगावर चिकट गोड पाझर. दुसऱ्याच दिवशी मुंग्यांची वारी लागली.

व्हिडिओ कॉलवर कळी दाखवल्याबरोबर आई ओरडली, "मेल्या, हळद टाक!" आजी म्हणाल्या, हात लावू नकोस. मुंग्यांनी कुरतडल्याशिवाय पिओनी उमलत नाही असं इथली जुनी माणसं मानतात. ते खरं नाही. कळी आपली आपण उमलते. मुंग्या मध पितात आणि त्या बदल्यात कळी खायला येणाऱ्या किड्यांना हुसकतात, एवढाच व्यवहार. दोन म्हाताऱ्यांमध्ये, हळदीचा डबा हातात घेऊन मी आठवडाभर उभा होतो. काही न करणं इतकं दमवणारं असेल असं वाटलं नव्हतं.

मेच्या शेवटी फूल उमललं. ताटलीएवढं, फिक्या गुलाबी पाकळ्यांचं, मंद गोड वासाचं. मी बायकोला, आजींना, कुरिअरवाल्याला, सगळ्यांना दाखवलं. त्याच रात्री धो धो पाऊस आला. खरी सारा बर्नहार्ट रंगमंचावर मरण्यासाठी जगभर प्रसिद्ध होती. तिचं नाव लावणाऱ्या फुलानं तो प्रवेश आमच्या अंगणात पूर्ण तपशिलानं केला: पाकळ्यांत पाणी भरलं, मान वाकली, देठ कलला आणि बाईंनी चिखलात तोंड खुपसलं. आधारासाठी तारेचं कडं लावायचं असतं, हे आजींनी सकाळी सांगितलं.

वाचलेल्या दोन कळ्या कापून बायकोनं पाण्यात ठेवल्या, थेट देवघरात. तासाभरात उमलल्या. गणपतीच्या मागे असं गुलाबी मखर कधी झालं नव्हतं. मी आईला फोन लावला, कॅमेरा वळवला.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे रे. पण ती काळी रेघ कसली?"

रेघ पाकळ्यांतून निघून, गणपतीच्या पाटाला वळसा घालून, खडीसाखरेच्या वाटीत उतरत होती. बायको तोवर स्वयंपाकघरात हळद शोधत होती.