आधी कुठे छापून आलंय?

न्यूयॉर्क-लंडनकडे नवा कादंबरीकार सहसा थेट मोठ्या प्रकाशकाच्या दारात जात नाही. मध्ये एजंट बसलेला असतो. त्याला आधी पानभर पत्र धाडायचं: कादंबरी कशाबद्दल, किती शब्दांची, आणि तळाशी दोन ओळी स्वतःबद्दल. कादंबरी चार वर्षांत होते. त्या दोन ओळींना पाचवं लागतं.

कारण तिथे सांगायचं असतं, आधी कुठे छापून आलंय.

‘काही छापलेलं नसलं तरी चालेल, आम्ही फक्त लेखन बघतो,’ असं एजंट म्हणतात. मुलाकडचेही म्हणतातच की, आम्हाला काही नको!

‘न्यूयॉर्कर’मध्ये कथा आली असेल तर जरूर लिहा. आलीय का?

ज्याच्याकडे सांगण्यासारखं फार नसतं, तोच जास्त सांगतो. शाळेतलं निबंधाचं बक्षीस. सोसायटीची स्मरणिका. पैसे भरून ज्यात जागा मिळाली, तो कवितासंग्रह. रहस्यकथा विकायला निघालेले डॉक्टर हृदयविकारावरचे शोधनिबंध मोजून दाखवतात. खून झटक्याने होणार असेल, तर ठीक आहे.

स्वखर्चाने काढलेलं पुस्तक? त्याचं नाव घेतलं की एजंट विचारणार, प्रती किती खपल्या? ‘वाचकांचा उदंड प्रतिसाद’ हा आकडा नाही.

आता ‘फक्त लेखन बघतो’चं बघू.

जर्झी कोसिन्स्कीच्या ‘स्टेप्स’ला १९६९ साली अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. काही वर्षांनी चक रॉस नावाच्या लेखकाने तीच कादंबरी नव्याने टाइप केली आणि नाव काढून, टोपणनावाने १४ प्रकाशक आणि १३ एजंटांकडे पाठवली. सत्तावीस नकार. त्यातला एक रँडम हाउसचा.

‘स्टेप्स’ मुळात छापली होती रँडम हाउसनेच.

पुढे नामवंत लेखिका डोरिस लेसिंगची कादंबरी ‘जेन सॉमर्स’ या नावाने फिरली. जोनाथन केप या तिच्याच प्रकाशकाने ती परत केली. दुसऱ्याने १९८३ मध्ये छापली, आणि पुढच्या वर्षी बाईंनी बुरखा काढला. दोन्ही वेळा लेखन अस्सल होतं. गाळलं होतं ते फक्त नाव-गाव.

आपल्याकडे एजंटांची भानगड जवळपास नाहीच. हस्तलिखितासोबत ‘अनेक दिवाळी अंकांतून लेखन’ एवढं जोडलं की काम भागतं. कोणते अंक, हे कुणी विचारत नाही.

मानधन मिळालं का, हे तर मुळीच नाही.