मागच्या चाकातले चर्चिल

पुण्याच्या माणसाला सायकलबद्दल कोणी काही शिकवू नये, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. माझा भाचा मूळचा पुण्याचाच, पण इंग्लंडमधल्या स्विंडनला स्थायिक झाल्यापासून तो हा नियम विसरला. विमानतळावरून घरी नेतानाच त्याने बजावलं, "मावशी, ग्रॅव्हल बाइक म्हणजे साधी सायकल नव्हे हं." मग गॅरेजचं दार उघडून ती दाखवली. हँडल शर्यतीच्या सायकलचं, टायर जाडजूड, आणि घंटी, स्टँड, कॅरियर, मडगार्ड यांपैकी काहीही नाही. एवढं सगळं काढून टाकल्यावर किंमत कमी व्हायला हवी होती. ती मी इथे लिहीत नाही. त्याची आई हे वाचेल.

भाचा ग्रॅममध्ये जगतो. प्रवासाला नेण्याच्या टूथब्रशचा दांडा त्याने करवतीने अर्धा कापला आहे. अशा माणसासमोर मी दशम्या, लसणाची चटणी आणि गूळपापडीच्या वड्यांचा स्टीलचा डबा सीटमागच्या पिशवीत कोंबला, तेव्हा त्याने तो उचलून पाहिला आणि दुःखाने म्हणाला, "मावशी, हे दोन किलो आहे." माझ्या स्वतःच्या वजनाचा विषय त्याने काढला नाही. संस्कार चांगले आहेत.

आम्हाला जायचं होतं रिजवेवर. ही डोंगरधारेवरून जाणारी फार प्राचीन वाट. ब्रिटनमधला सर्वांत जुना रस्ता म्हणून तिचं नाव घेतात. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत १३९ किलोमीटर, आणि १९७३पासून अधिकृत राष्ट्रीय पायवाट. आमचा वाटा तिचा एक छोटा तुकडा. स्विंडनहून गल्लीबोळांसारख्या गावरस्त्यांनी ॲशबरी, तिथून चढून धारेवर, मग पूर्वेला अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्यापर्यंत, म्हणजे टेकडीच्या उतारावर खडूने रेखलेल्या घोड्याच्या आकृतीपर्यंत.

इंग्लंडमध्ये शेतांतून जाणाऱ्या वाटांना जातिव्यवस्था आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट. तिथे सायकलला प्रवेश नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, मूळची घोड्यांची वाट. जांभळ्या बाणावर घोडागाडीही चालते आणि तांबड्यावर मोटारसुद्धा. १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलला घोड्याच्या पंगतीत बसवलं, पण अट घातली: पायी माणूस आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. भाचा हा कायदा स्तोत्रासारखा म्हणतो. पिवळा बाण दिसला की तो दुरूनच सायकल वळवतो, मग पुढचा मैलभर वळसा माझ्या गुडघ्यांनी काढायचा.

घोडा आलाच. अशा वेळी थांबून मोठ्याने बोलायचं, म्हणजे हेल्मेटखाली माणूस आहे हे घोड्याला कळतं. मी "हॅलो" म्हणाले. घोडा दोन पावलं मागे सरकला. मग मी "जा की रे बाबा पुढे" म्हणाले आणि तो मुकाट गेला. भाच्याच्या मते वरच्या बाईंनी टाच मारली म्हणून गेला.

हा सगळा मुलूख चित्रात मऊ, गोलसर दिसतो. एकही टेकडी अंगावर येत नाही. चढ डोळ्यांना दिसतच नाहीत, ते थेट गुडघ्यांना कळवले जातात. ॲशबरीच्या वरचा चढ मात्र डोळ्यांनाही दिसला. तो मी सायकलला सोबत करत, चालत चढले. भाचा वर जाऊन माझी वाट पाहत होता आणि घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

वर पोचल्यावर कळलं की ग्रॅव्हल बाइकच्या नावात असलेली खडी इथे नाहीच. खडीचे लांबलचक रस्ते अमेरिकेत, कॅन्ससकडे. इथे खाली खडूचा दगड, त्याच्यावर आदल्या रात्रीचा पाऊस. ओला खडू टायरवर थालीपिठासारखा थापला जातो, आणि उतारावर ब्रेक लावला की सायकल थांबण्याऐवजी विचारात पडते. त्या खडूत जागोजागी चकमकीच्या गारगोट्या. खडू म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांचे सांगाडे, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी तळाशी साचू लागलेले. गारगोटी बनली ती मुख्यतः त्याच समुद्रातल्या स्पंजांच्या सिलिकापासून. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या खडूपुढे तो धाकटाच. अश्मयुगातल्या माणसांनी याच गारगोटीची पाती करून हरणं सोलली. तिची धार अजून गेलेली नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

कारण तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि माझ्या पाठीवर मानेपर्यंत गार, चिकट, पांढरं काहीतरी उडालं.

या टायरांत ट्यूब नसते. आत एक पातळ रबरी रसायन ओतलेलं असतं. काटा घुसला की ते भोकाकडे धावून जातं आणि गोठून भोक बुजवतं. काट्यापुरतं हे ठीक आहे. माझ्या मागच्या टायरला अंगठ्याच्या नखाएवढी चीर पडली होती, आणि रसायनाने ती बुजवण्यापेक्षा मला रंगवणं पसंत केलं. "डब्याचं वजन," भाचा म्हणाला. "गारगोटी," मी म्हणाले. या प्रश्नावर आमच्यात आजही एकमत नाही.

सायकल ढकलत आम्ही वेलंड्स स्मिदीपर्यंत गेलो. बीचच्या झाडांच्या गोलात साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं, भल्या मोठ्या शिळांचं एक थडगं. १९६२-६३च्या उत्खननात तिथे चौदा माणसांचे अवशेष मिळाले. लोककथा अशी की इथे वेलंड नावाचा अदृश्य लोहार राहतो. नाल निघालेला घोडा रात्री इथे बांधायचा, शिळेवर एक नाणं ठेवायचं आणि निघून जायचं. सकाळी घोड्याला नवी नाल. आपण सायकल ठेवून जाऊ या, असं मी सुचवलं. भाच्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. कायद्याप्रमाणे सायकल घोड्याच्या बरोबरीची, हे त्यानेच तासाभरापूर्वी सांगितलं होतं.

त्याने रबराच्या वाती चिरेत खुपसल्या. एक बाहेर उडाली, दुसरी आत पडली. मग राखीव ट्यूब काढली. पण नुसती ट्यूब घालून उपयोग नसतो. हवा भरली की ती चिरेतून फुगा काढते आणि फुटते. आतून काहीतरी चिवट अस्तर लागतं. त्यासाठी खास ठिगळ मिळतं, ते भाच्याने वजन वाचवण्यासाठी घरी ठेवलं होतं. किती ग्रॅम वाचले, हे मी त्याला दोनदा विचारलं.

"मावशी, नोट आहे?"

पर्समध्ये दोन होत्या. दहा पौंडांच्या नोटेवर जेन ऑस्टिन. जिने आयुष्यभर बैठकीच्या खोलीतली माणसं तपासली, त्या बाईला चिखलातल्या टायरात घालायला मन होईना. शिवाय दहा पौंड. पाचाच्या नोटेवर चर्चिल. तिथे मात्र मी फार विचार केला नाही. १९४३ साली बंगालात लाखो माणसं अन्नाविना मेली, तेव्हा पंतप्रधान हेच होते. भारतीयांविषयी ते काय बोलत, हे त्यांच्याच मंत्र्याने, लिओ एमरीने, डायरीत लिहून ठेवलं आहे. या देशात मी हा विषय काढत नाही, कारण लोक नम्रपणे हवामानाकडे वळतात. पण काही गोष्टी डोक्यातून जात नाहीत, आणि फिरायला आलो म्हणून त्या विसरल्या पाहिजेत असंही नाही. नोट मी स्वतःच्या हाताने दिली आणि सांगितलं, "त्यांचा चेहरा बाहेरच्या बाजूला येऊ दे."

भाचा खडूच्या चिखलात गुडघे टेकून बसला. नोट दुमडून आत सारली, ट्यूब घातली, टायर अंगठ्यांनी रिमवर चढवलं, हवा भरली. मग बोट जिभेला लावलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब धरून, बुडबुडा येतो का ते बघत राहिला. हे अण्णांचं. माझे वडील वाड्याच्या दारात अगदी असंच करायचे, मान तशीच किंचित डावीकडे. हा जन्मायच्या आधीच ते गेले. याला हे कुणी शिकवलं? मी विचारलं नाही. डबा उघडून त्याला दशमी दिली आणि चटणी जास्त घातली.

एक वृद्ध जोडपं कुत्र्यासह तिथून जात होतं. आजोबांनी चौकशी केली, नोटेची हकीकत नीट ऐकून घेतली आणि गंभीरपणे म्हणाले, "हल्ली पाच पौंडांत एवढं काम कोणी करत नाही."

पांढरा घोडा पाहिला. एकशे दहा मीटर लांब, सुमारे तीन हजार वर्षांचा, आणि धारेवरून बघितलं तर एक पाय आणि थोडी पाठ. सबंध दिसायला विमानच हवं. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये यासाठी तो झाकून टाकला होता. गवताने तो पुसला जाऊ नये म्हणून लोक दरवर्षी गुडघ्यांवर बसून, हातोडीने ताजा खडू ठोकून त्याला पांढरा ठेवतात. हे काम मला आवडलं असतं. त्यात सायकल चालवावी लागत नाही.

परतीच्या वाटेवर मागचं चाक दर फेऱ्याला एकदा हलकं उडत होतं, पण स्विंडनपर्यंत टिकलं. नोट बाहेर काढली तेव्हा एका कडेला चरा होता, बाकी साहेब शाबूत.

तुम्ही जाणार असाल तर मे ते सप्टेंबरमध्ये, दोन-चार कोरडे दिवस गेल्यावर जा. टायर चाळीस मिलिमीटरपेक्षा रुंद घ्या, डबा जरूर न्या. ठिगळ विसरलात तर २०१६ नंतरची पाच पौंडांची नोट वापरा. ती प्लॅस्टिकची आहे, पाण्याने भिजत नाही. आणि अर्ध्याहून जास्त शिल्लक राहिली असेल, तर बँक ऑफ इंग्लंड साधारणपणे ती बदलून देते.