ऑनलाइन अभ्यासक्रम अपूर्ण ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धती

ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवणे आणि तो पूर्ण करणे या दोन स्वतंत्र विद्या असून, पहिलीचा प्रसार आता सर्वत्र झाला आहे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला ‘एनपीटीईएल’ हा व्याख्यानप्रकल्प आणि ९ जुलै २०१७ रोजी आरंभ झालेले ‘स्वयं’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ यांमुळे, ज्या प्राध्यापकांच्या वर्गात बसण्यासाठी कोचिंगची दोन वर्षे आणि घरादाराची झोप खर्ची पडे, त्यांची व्याख्याने आज अमळनेरच्या माडीवरही फुकट ऐकता येतात. तरीही अशा खुल्या, म्हणजे प्रवेशपरीक्षा नसलेल्या, अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत टिकणारे जगभर थोडेच असतात. उरलेल्या बहुसंख्य साधकांची परंपरा पुढे चालवू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या सांगितल्या आहेत.

१. नोंदणी. रविवारी रात्री, जेवणानंतर, एका बैठकीत किमान चार विषय निवडावेत आणि त्यांचा परस्परांशी संबंध नसावा. नोंदणीला पैसा लागत नसल्याने विद्याप्राप्तीचे पूर्ण समाधान त्याच रात्री मिळते, व पुढील बारा आठवड्यांत त्यात भर पडण्याची शक्यता उरत नाही.

२. साधनसंग्रह. नवी वही, तीन रंगांचे हायलायटर आणि हेडफोन यांची खरेदी हा अभ्यासाचाच भाग मानावा. वहीच्या पहिल्या पानावर विषयाचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. दुसरे पान कोरे राहिले तरी चालते.

३. वेगनियंत्रण. ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा मोठा लाभ असा की प्राध्यापकांना वाक्याच्या मध्येच थांबवता येते, तेच वाक्य दहा वेळा वदवून घेता येते आणि तरीही त्यांच्या कपाळावर आठी उमटत नाही. साधकाने या लाभाकडे दुर्लक्ष करून दुप्पट वेग निवडावा, म्हणजे काहीही न कळल्यामुळे व्याख्यान दोनदा ऐकावे लागून वेळेचा हिशेब चोख जुळतो.

४. थेट तासिका. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी पडद्यासमोर असतात तिला थेट तासिका म्हणतात. तिची पहिली दहा मिनिटे ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नास वाहिलेली असतात. कॅमेरा बंद ठेवावा, म्हणजे शिक्षकांना काळ्या चौकोनांपुढे ‘समजलं ना?’ असे विचारावे लागते आणि मौनालाच संमती धरून पुढे जावे लागते. माइक मात्र कुकरची तिसरी शिटी आणि भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस एकत्र येतील त्याच क्षणी चालू व्हावा, अशी दक्षता घ्यावी.

५. स्वाध्याय. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात एनपीटीईएल सर्वोत्तम आठ स्वाध्यायांचेच गुण धरते, म्हणजे चार चुकले तरी बिघडत नाही. ही सवलत आजारपणासाठी राखून न ठेवता पहिल्या चार आठवड्यांतच संपवावी, म्हणजे पाचव्या आठवड्यात सर्दी झाली तरी माघार घेण्यास सबळ कारण मिळते.

६. धोक्याची सूचना. येथवर शिस्तीने आलेल्या साधकाचा घात परीक्षेच्या शुल्कामुळे होऊ शकतो. शिकणे फुकट असले तरी प्रमाणपत्रासाठी साधारण १००० रुपये भरून, ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष परीक्षा केंद्रावर जावे लागते. तेथील परीक्षेला ७५ टक्के आणि स्वाध्यायांना २५ टक्के वजन असते. एकदा पैसे भरले की ते घरात सर्वांना कळते, केंद्र दुसऱ्या गावी आल्यास पहाटेच्या एसटीची चौकशी सुरू होते, आणि या गडबडीत भलाचांगला मनुष्य अभ्यासाला लागल्याची उदाहरणे आहेत. तोच विषय घेतलेली मैत्रीण असल्यास धोका दुणावतो, कारण ती रोज रात्री ‘कितवा आठवडा झाला?’ असे विचारते.

यावरून एक सिद्धान्त निघतो. अंतर, ठरलेली वेळ, पैशाची झळ आणि शेजारी बसणारे कोणी हे शिक्षणातले अडथळे समजून ऑनलाइन व्यवस्थेने दूर केले. परंतु आळशी माणसाला शेवटच्या पानापर्यंत ओढत नेण्याचे काम बहुतांशी तेच करीत होते. म्हणून ज्यांना अभ्यासक्रम निश्चितपणे अपूर्णच ठेवायचा आहे, त्यांनी शुल्क भरण्याची शेवटची तारीख उलटेपर्यंत मैत्रिणीचा फोन उचलू नये.