जांब–सज्जनगड, मार्गे गांधी चमन

आज अकरा. काल नऊ होत्या, परवा चौदा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरी घेतली, तो हात अजून स्वस्थ बसत नाही. म्हणून सकाळी ओट्यापाशी उभी राहून मी यांच्या किका मोजते आणि दुधाचा हिशेब असतो त्याच कॅलेंडरवर दुधाखाली लिहून ठेवते. महिनाअखेर दोन्हींची बेरीज करते. दूध परवडतं.

हे जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत हिशेब पाहायचे. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको काढली आणि या गावाला बियाण्याचं वेड लागलं. निम्म्या गावाचा प्रपंच त्यावर उभा राहिला, त्यात आमचाही. त्यामुळे अकराव्या किकेला गाडी सुरू झाली की आत येऊन म्हणतात, "उगवणशक्ती नऊ टक्के." एवढ्या उगवणशक्तीची पिशवी एखाद्या शेतकऱ्याने यांच्याच टेबलावर आणून आपटली असती.

गाडी म्हणजे 1984 सालची बुलेट. फंडाच्या पैशातून लोक गुडघे बदलून घेतात, यांनी ही घेतली. आयुष्यभर आधी लूना आणि मग स्कूटर चालवलेला माणूस. या गाडीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे लग्नाआधीपासून शिकलेलं सगळं उलट. सुरू करायचंही शास्त्र आहे. हँडलजवळची छोटी लिव्हर दाबायची, किक हलकेच खाली नेत दिव्यावरचा अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, लिव्हर सोडायची आणि मग एकच किक, पार खालपर्यंत. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, गाडीत खराबी काहीच नाही. तुम्ही लाथ मारताय. किक मारा."

आता हे खूळ कुठून आलं ते सांगते. खरं तर समर्थांमुळे. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यांत नावाजलेला प्रवासी कोण, तर घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेला नारायण ठोसर. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा होता, भटजींनी "सावधान" म्हटलं आणि लाखात एकाने ते मनावर घेतलं, असं सांगतात. तिथून जो निघाला तो नाशिकजवळच्या टाकळीला. बारा वर्षं तिथं, पुढची बारा वर्षं देशभर पायी, आणि शेवट सज्जनगडावर. हे सगळं रिटायर झाल्यावर एका दुपारी वाचून यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आपण याच वाटेनं जाऊ. जांब, टाकळी, सज्जनगड. बुलेटवर."

मी म्हटलं, "ते लग्नातून पळाले म्हणून फिरू शकले."

"आपण सावधान ऐकूनही जागचे हललो नाही, म्हणून सदतीस वर्षं उशीर झाला. एवढाच फरक."

यावर काय बोलणार? मी दशम्यांचं पीठ भिजवायला घेतलं.

मुलगा पुण्याला असतो. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, समृद्धीवरून गाडी पाठवू का?" तिथून घरात धुसफूस सुरू झाली. आमच्या जिल्ह्यातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हा हे टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होते. त्यावर दुचाकीला बंदी आहे हे बुलेट घेतल्यावर कळलं. दाराजवळून एवढा रस्ता जातो आणि आपल्याला मनाई. पंगत वाढलेली आणि आपला उपास, तशी गत. आता पुलाखालून जाताना हे दर वेळी वर बघतात आणि मी दर वेळी म्हणते, "खाली बघा, खड्डा आहे."

म्हणजे आमची वाट जुनीच. बदनापूर, संभाजीनगर, वैजापूर, येवला, नाशिक. समर्थ चालत गेले तेव्हा त्यांना तरी कुठं समृद्धी होती, असं हे म्हणतात. पण त्यांना आरटीओही नव्हतं. गाडी पंधरा वर्षांची झाली की फेरनोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा. माणूस पंचावन्नाचा झाला की लायसनही दर पाच वर्षांनी, वर डॉक्टरचा दाखला. ती जुनी गाडी आणि हे, दोघंही एकाच आठवड्यात तपासायला उभे होते. गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. यांना रक्तदाबाची गोळी घेऊन पुन्हा बोलावलं.

माझी तयारी वेगळी आणि जास्त कष्टाची. बुलेटवर मागे बसणं हा विनोद वाटतो, पण पाय पलीकडे टाकायला कमरेएवढी उंची लागते. आमच्या पिढीने कायम एका बाजूला पाय सोडून बसायचं शिकलेलं. त्या बैठकीवर घाटातून सज्जनगड गाठला तर मणक्याचा खुळखुळा होईल. म्हणून मी रोज सकाळी सोफ्याच्या हातावर चढायचा सराव करते. पहिल्या आठवड्यात उजवा पाय पलीकडे गेला आणि डावा अलीकडे राहिला. तसाच अर्धा तास गेला, कारण हे बाहेर किका मारत होते आणि त्या आवाजात माझी हाक कोण ऐकणार. शेवटी कामवाली मावशी आली. तिने काही विचारलं नाही. मला उतरवलं आणि सोफा पुसून घेतला.

मग हेल्मेट. आयएसआयचा शिक्का बघून घेतलं, पण हेल्मेट बनवणाऱ्याने अंबाडा गृहीतच धरलेला नाही. अंबाडा वर बांधला तर हेल्मेट टोपीसारखं वर तरंगतं, खाली बांधला तर मान पुढे ढकलली जाते आणि मला अख्खा प्रवासभर यांची कॉलर तेवढी दिसते. अखेर वेणी घातली. वयाच्या साठीला वेणी, पंजाबी ड्रेस आणि हेल्मेट अशी मी पहिल्यांदा दारात आले तेव्हा समोरच्या वहिनी म्हणाल्या, "बाई, कुणाकडं आलात?"

हेल्मेटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवल्या. पाठीवर एक धपाटा म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे तुम्ही चुकलात, मी म्हटलं होतं ना. मराठवाड्यात प्रवासाला निघताना डब्यात धपाटे लागतातच, ज्वारीचे, वर शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे ते दोन प्रकारचे झाले. डब्यातले चार दिवस टिकतात. पाठीवरचे, यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याहून जास्त.

संध्याकाळी रोज एक फेरी. गांधी चमन, मामा चौक, कुंडलिकेचा पूल आणि परत. गांधी चमनला पहिल्या दिवशी यांनी ब्रेक समजून गिअर दाबला आणि आम्ही एका रिक्षाच्या मागच्या सीटवर जवळजवळ बसलोच. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कहाँ जाना है, चाचा?" हे म्हणाले, "सज्जनगड." पण खरी परीक्षा एमआयडीसीच्या रस्त्याला. आमचं गाव लोखंडाचं. समोर ट्रक असतो, ट्रकाबाहेर दोन हात सळया लोंबत असतात आणि सळईच्या टोकाला लाल फडकं. त्या फडक्यावर नजर ठेवून अंतर राखायला जो शिकला, त्याला खंबाटकी घाटाचं काय भय? मी तिथं सरसकट एकच धपाटा मारत राहते, ताल धरल्यासारखा.

या तयारीत नळाला विसरून चालत नाही. आमचं सगळं वेळापत्रक नळावर. पाणी कधी येणार ते नक्की नाही, आलं की मात्र घरात माणूस हवं. दोनदा आम्ही पिशव्या बांधून, हेल्मेट घालून बाहेर पडलो आणि गल्लीत हाळी उठली, "पाणी आलं!" तसेच हेल्मेट घालून पिंप भरले. एकदा राजूरच्या गणपतीला जायचं ठरलं होतं, ते अंबडच्या मत्स्योदरीवर आलं, मग मोती तलावावर, आणि शेवटी आम्ही गच्चीवर टाकी धुतली.

एकदा मात्र जिल्ह्याच्या उत्तरेला असईपर्यंत जाऊन आलो. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं; पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच हा. त्या दिवशी त्याच्या अंगाखाली एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला, तरी तो तिसऱ्यावर चढून लढला. आमचा एकच घोडा, तो परतताना साखळी सोडून बसला. वेलस्लीकडे घोडे किती होते हे मी यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

शेवटी ठरलं की पहिला टप्पा तरी करून बघू. जांब. ऑक्टोबरचे दिवस, सोयाबीन निघालेलं, निम्म्या रस्त्यावर वाळत घातलेलं. त्यावरून बुलेट नेणं म्हणजे छऱ्यांवरून चालणं. एक धपाटा, एक धपाटा, दोन धपाटे. एकदाचे पोचलो. समर्थांच्या घराण्याचं राममंदिर पाहिलं. इथल्या मूर्ती 2022 च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या होत्या आणि दोनेक महिन्यांनी सापडून परत आल्या. म्हणजे या गावात जो तो जाऊन येणारा, असं हे हात जोडता जोडता म्हणाले.

परतीला पेट्रोल भरायला थांबलो. मी उतरले, गुडघे मोकळे करायला दोन पावलं चालले, हेल्मेट सीटवरच्या पिशवीला अडकवलं. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. पहिल्याच! कॅलेंडरवर लिहायचा एक आकडा. मी कौतुकाने बघत राहिले, आणि हे निघून गेले.

सरळ. मागे न बघता. पंपावरचा पोरगा माझ्याकडे बघत होता, मी धुळीकडे. सदतीस वर्षांनी ऐकू आलं होतं एकदाचं.

मी बाकावर बसून डबा उघडला. धपाटा काढला, अर्धा त्या पोराला दिला. दुसरा निम्मा संपत आला तेव्हा लांबून धडधड ऐकू आली. हे आले, डबल स्टँडवर गाडी लावायला तीन प्रयत्न लागले, घाम पुसला.

"चार किलोमीटर गेलो," म्हणाले. "सोयाबीनवरून सुसाट. कुणी मारेचना. तेव्हा शंका आली."

"मग टाकळीपर्यंत जायचं होतं की."

"तिथं बारा वर्षं राहावं लागतं," हे डब्यात हात घालत म्हणाले, "आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय."