आमचे द्वीपगमन

ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात होडीत पाऊल ठेवलेले नाही, ज्यास पोहता येत नाही, आणि ज्याच्या कुटुंबाचा सारा संचार चाकांच्या खुर्चीवरून चालतो, त्याने साठी उलटल्यावर म्हैसूरसारखे शीतल, सुव्यवस्थित आणि पेन्शनरांना मानवलेले शहर सोडून चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या बेटावर बिऱ्हाड न्यावे, ही वार्ता जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या आळीत फुटली, तेव्हा शेजारधर्मास अनुसरून तिचा जो ऊहापोह झाला त्याची कैफियत प्रथम सादर केली पाहिजे. समोरच्या बंगल्यातील सेवानिवृत्त रेल्वे-अधिकाऱ्यांनी, माझे पेन्शन कोठे अडकले आहे काय, याची अत्यंत हळुवारपणे चौकशी केली. उजवीकडच्या अज्जींनी हिचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, हात हातात घेऊन, यजमानांना हे केव्हापासून होते आहे, असे कन्नडमधून विचारले. मी तेथेच उभा होतो, परंतु इतकी वर्षे राहूनही मला कन्नड कळत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत असल्यामुळे (आणि तिच्यायोगे आळीतील पुष्कळ बित्तंबातमी विनासायास पदरात पडत असल्यामुळे ती मी कधी दूर केली नव्हती) आवाज खाली आणण्याचे त्यांना कारण नव्हते. कोपऱ्यावरचे वकील मात्र तोडगा घेऊनच आले. बेटच पाहिजे असेल, तर श्रीरंगपट्टण काय वाईट आहे, असे त्यांचे म्हणणे पडले: कावेरीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले अस्सल बेट, येथून अर्ध्या तासाच्या वाटेवर, रंगनाथस्वामींचे सान्निध्य, वर आगगाडी आणि पक्के पूल! मी त्यांना नम्रपणे सांगितले की, १७९२ साली पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके फौजेनिशी त्या बेटाबाहेर तळ देऊन बसले होते, तेव्हा तेथे पुन्हा मराठी मनुष्याने बिऱ्हाड थाटण्याच्या हेतूने पाऊल टाकणे स्थानिकांच्या मनास कदाचित रुचणार नाही. वकील हसले नाहीत. माझ्या पेन्शनीबद्दलचा संशय मात्र मागे पडून अज्जींचे निदान त्या दिवसापासून सर्वमान्य झाले.

जयलक्ष्मीपुरमविषयी माझी तक्रार नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो. ज्या राजकन्येचे नाव या वस्तीस लाभले, तिच्यासाठी १९०५ साली बांधलेला जयलक्ष्मीविलास प्रासाद आज मानसगंगोत्रीत, म्हणजे विद्यापीठाच्या आवारात, लोकसाहित्याचे संग्रहालय पोटात घेऊन उभा आहे. तेथून जवळच कुक्करहळ्ळीचा तलाव आहे, आणि वस्तीतून जो हमरस्ता जातो त्यास प्रत्यक्ष कविकुलगुरू कालिदासाचे नाव आहे. अशा राजस व काव्यमय परिसरात एकच वस्तू गरजेहून अधिक आहे, ती म्हणजे पायरी. घराला जोते, जोत्याला पायऱ्या. दुकानाला ओटा, ओट्याला पायऱ्या. आणि पादचाऱ्यांसाठी म्हणून जो मार्ग बांधला तो गुडघाभर उंच, आणि दर फाटकापाशी तुटलेला, त्यामुळे त्यावरून जाणाऱ्या पादचाऱ्यास दर वीस पावलांवर एकदा चढावे व एकदा उतरावे लागते, आणि खुर्चीवरून जाणाऱ्यास मुळी तिकडे फिरकताच येत नाही. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक दवाखाना आहे. त्याच्या दाराशी मी हिला काही मिनिटांत नेऊन पोहोचवीत असे, आणि तेथून पुढच्या सहा पायऱ्यांसाठी चार धट्टेकट्टे गृहस्थ गोळा होईपर्यंत आम्ही उभयता, म्हणजे मी उभा आणि ही बसलेली, रस्त्यावरची रहदारी निरखीत असू.

माणसे गोळा होत, यात शंका नाही. म्हैसूरकर मोठा सौजन्यशील. परंतु चौघांनी चार बाजूंनी खुर्ची उचलावी, पाचव्याने ओरडून दिशा दाखवाव्या, आणि सहाव्याने हिच्याकडे न पाहता मला विचारावे की "यांना काय झाले आहे?", हा सोहळा आठवड्यातून दोन-तीनदा पार पडू लागल्यावर हिचा धीर सुटला. "चामुंडेश्वरीची स्वारी वर्षातून एकदा विजयादशमीला निघते," ही एकदा वरच्या पायरीवरून म्हणाली, "माझी वरचेवर निघते. तिच्या सोन्याच्या हौद्याचे वजन साडेसातशे किलो आहे म्हणतात. पण बाई, जरा वजन कमी करा, असे त्या हत्तीने तिला एकदाही सांगितल्याचे ऐकिवात नाही."

हिला पोलिओ झाला तो वयाच्या तिसऱ्या वर्षी. कॅलिपर बांधून हिने शाळा, महाविद्यालय, नोकरी आणि मी, अशी चारही संकटे पायी पार केली. परंतु या रोगाची एक रीत अशी की, दोन-तीन तपे लोटून रोगी त्यास विसरल्यावर त्याने उरल्यासुरल्या स्नायूंकडे थकबाकी मागायला यावे. तशी ती आली, आणि खुर्ची आली. देशातील पोलिओच्या वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्याकडे नोंदला गेला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये या प्रदेशातून रोगाचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले, ही बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा ही क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे आमची जात आता नामशेष होणार. सरकारने एखादे अभयारण्य तरी काढावे. निदान तेथे उतार बांधतील."

मी हयातभर सरकारी दफ्तरात कलम घासलेला मनुष्य असल्यामुळे माझा अभयारण्यापेक्षा अधिनियमावर भरवसा अधिक. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, त्याखालील नियम त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि नियमांच्या प्रसिद्धीपासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात असे कलम ४५ स्पष्ट बजावते, हे सर्व मी आमच्या एका बँकेस सविस्तर दरखास्त लिहून कळवले. विषय विचाराधीन असल्याचे उत्तर आले. पाच वर्षांची मुदत टळली. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचा निवाडा दिला. आणि अखेरीस बँकेच्या दाराशी उतार खरोखरीच अवतरला. शास्त्राप्रमाणे एक हात चढण्यासाठी बारा हात लांबी लागते. बँकेपाशी जागा तीन हातांची होती, म्हणून बारा हातांचा उतार तीन हातांत बसवण्यात आला. त्यावरून वर जाणे गिर्यारोहकाचे काम होते, आणि खाली येणे विमाधारकाचे. लवकरच कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या तेथे उभ्या राहू लागल्या, व त्या वस्तूचा काही ना काही उपयोग होतो आहे हे पाहून सर्वांस समाधान वाटले.

आता बेटाकडे वळतो. हिच्या आजोळचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. हा देव मूळचा गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमदानीत देऊळ मोडले तेव्हा भक्तांनी त्यास नदीपार डिचोली महालातील नार्वे गावी नेले, आणि १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने त्याचा जीर्णोद्धार झाला. त्याच्या दर्शनास म्हणून आम्ही निघालो. वाटेत दिवाडीवरचे हिच्या मावसभावाचे घर पाहू, असा बेत होता, आणि त्या घराचे जुने भाडेकरू नुकतेच निघून गेले होते. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता उतरतो तो थेट धक्क्यावर. तेथे पोहोचताच सवयीने माझी नजर पायऱ्यांचा शोध घेऊ लागली आणि चार धट्टेकट्टे गृहस्थ हेरू लागली. गृहस्थ होते, पायऱ्या नव्हत्या. फेरीबोट आली, तिच्या तोंडाची पोलादी झडप खणखणाट करीत खाली पडून धक्क्याच्या फरसबंदीवर टेकली, स्कूटरी सुटल्या, आणि मोकळ्या झालेल्या त्या सपाट तक्तपोशीवर ही स्वतःच्या हातांनी चाके फिरवीत, कोणासही न विचारता, आत गेली. मी मागोमाग धावलो तो शेवाळावरून घसरलो. "भिवपाचें कांय ना," असे म्हणत एका खलाशाने ज्यास दंडाला धरून आत घेतले, तो आमच्या कुटुंबातील धडधाकट सभासद होता.

इंजिनाच्या धडधडीत मी या चमत्काराचे कारण शोधू लागलो, आणि ते माझ्या पायाखालीच होते. मांडवीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही पातळ्यांत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो. आता अशा चंचल नदीकाठी पायरी बांधणाराने ती बांधावी कोणत्या उंचीवर? भरतीच्या मापाने बांधली, तर ओहोटीला नाव तळाशी राहते. ओहोटीच्या मापाने बांधली, तर भरतीला पायरी बुडते. तेव्हा धक्का बांधणाऱ्याने निमूटपणे पाण्यात शिरणारा एक लांब उतार करून ठेवला, आणि नावेने पाणी असेल तेथे त्यास तोंड लावावे असे ठरवले. कोणा अपंगाचा विचार त्याच्या मनास शिवला नसावा. मच्छीच्या पाट्या, मालाच्या गाड्या आणि स्कूटरी यांच्या सोयीसाठी झालेल्या या बंदोबस्तात आमची खुर्ची आपोआप बसली. अधिनियमाला, न्यायालयाला आणि माझ्या दरखास्तीला जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते चंद्राने एकही कागद न लिहिता करून ठेवले होते. (ओहोटीला तो उतार लांब आणि निसरडा होतो, व खुर्ची पाठमोरी उतरवावी लागते, हेही सांगितले पाहिजे, परंतु ती तशी उतरवावी हे तेथल्या खलाशांस मला शिकवावे लागले नाही. आयुष्यभर हातगाड्या उतरवलेल्या हातांना ते उपजत ठाऊक असते.)

दुसरी गोष्ट हिने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. भूमीवर सगळे जग हिच्यासाठी थांबते: रिक्षावाला थांबतो, लग्नाची पंगत थांबते, मागची रांग थांबते आणि थांबत असल्याचे चेहऱ्यावर दाखवते. धक्क्यावर कोणीच कोणासाठी थांबत नाही. सर्वजण बोटीसाठी थांबतात. मोटारीतला कंत्राटदार, सायकलवरचा पोदेर म्हणजे पाववाला, शाळकरी पोरे, पाद्री आणि ही, एकाच उन्हात, एकाच बाजूला तोंड करून. "जन्मात पहिल्यांदा," ही म्हणाली, "उशिराचे कारण मी नाही." घर भाड्याने घेण्याचा निर्णय आम्ही घर पाहण्यापूर्वी झाला तो असा.

घराला तीन पायऱ्या निघाल्या. मी म्हैसूरहून एकास बारा या प्रमाणाचा रीतसर नकाशा काढून पाठवला, त्यावर बाजूचे कठडे व मधला सपाट टप्पा तांबड्या शाईने दाखवला, आणि पोहोच मागितली. पोहोच आली नाही. आम्ही सामानासह दाखल झालो, तेव्हा गवंडीकामाचा मेस्त ओसरीवर विडी ओढीत बसला होता व चिऱ्यांचा ढीग जसाच्या तसा. नकाशा त्याने घडी करून खिशात ठेवलेला होता. "बाई बसतात ती खुर्ची आणा," असे म्हणून त्याने हिला खुर्चीसकट अंगणात घेतले, फळीवरून वर-खाली दोन फेऱ्या मारायला लावल्या, प्रत्येक वेळी फळीचे टोक थोडे पुढे सरकवले, आणि ज्या ठिकाणी हिचे मनगट वाकणे थांबले तेथे खडूने रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी उतार तयार झाला. मी तो चोरून मोजला: एकास तेरा.

येथे वैकुंठ आहे असे कोणी समजू नये. पावसाळ्यात तांबड्या चिखलात खुर्चीची पुढची लहान चाके रुततात, वीज जाते, आणि खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेताच्या, बांधावरून भातशेतीतले बगळे पाहायला जायची हिची हौस जूनपासून सप्टेंबरपर्यंत तहकूब राहते. बेटावरही पायऱ्या आहेतच. पिएदाद गावचे चर्च टेकडीवर आहे, आणि टेकडीला भरती-ओहोटी नाही. रात्री-अपरात्री दुखलेखुपले तर काय, या म्हैसूरच्या नातलगांच्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नाही. ही मात्र सहा पायऱ्यांच्या दवाखान्याची आठवण करून देऊन, पाणी ओलांडता येते, असे सांगते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी येथे बोंदेराचा उत्सव होतो. वाड्यावाड्यांच्या हद्दींवरून पूर्वी जी भांडणे होत, त्यांत रोवलेली निशाणे पाडली जात, त्याची ही नक्कल. ज्या गावाने हद्दीच्या तंट्याचा सण करून टाकला तेथे माझ्यासारख्या दफ्तरी माणसाचा धंदा चालण्याजोगा नाही, हे मी ओळखून आहे. पलीकडच्या चोडण बेटावर सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, हे कळल्यापासून ही स्वतःच्या जातीविषयीची मागणी नव्याने पुढे रेटू लागली आहे.

सार्वजनिक इमारती बांधणाऱ्या अभियंत्यांस माझी एवढीच विनंती आहे की, पुढचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी त्यांनी एकदा ओहोटीच्या वेळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर येऊन उभे राहावे. खर्चाची काळजी नको. फेरीत चारचाकी वाहनास भाडे पडते, म्हणून पहिल्याच दिवशी मी कायदेशीर मनुष्याप्रमाणे खुर्चीची चार चाके मोजून दाखवून पैसे पुढे केले होते. तिकीटवाल्याने चाकांकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले, आणि बाई चालत आल्या आहेत, असा निकाल देऊन पैसे परत केले. चालत येणाऱ्यास फेरी फुकट आहे.