विश्रांतवाडी बंदर

होडीला पाणी लागतं, हा कोकणातल्या लोकांनी पसरवलेला समज आहे. पुण्याने तो कधीच मनावर घेतला नाही. मुळा-मुठेच्या काठी साहेबांनी १८६८ साली बोट क्लब काढला, पुढे त्यावरून रस्त्यालाही नाव पडलं. आज बोट क्लब रोडला फ्लॅट बघणारा माणूस पार्किंग किती, लिफ्ट किती, सगळं विचारतो. बोट कुठे बांधायची, हे विचारणारा अजून जन्माला यायचा आहे. आणि दत्तू भोकनळ? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदायच्या कामावर जाणारा, दुष्काळी भागातला मुलगा. खडकीत लष्करात भरती झाला, पुण्यात वल्हं हातात धरलं आणि २०१६ साली थेट रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. समुद्रकाठच्या किती जणांना जमलं हे?

तेव्हा धरणाकाठच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधली मोटरबोट आमच्या मेहुण्यांनी टेम्पोमागे ओढत आणून विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत सोडली, त्यात परंपरेला सोडून काहीच नव्हतं. ‘दाजी, तुम्ही रिटायर झालात, हाताला काहीतरी काम पाहिजे,’ एवढं बोलून ते चहासुद्धा न घेता गेले. मेहुणे चहा न घेता गेले की समजावं, वस्तू परत घेणार नाहीत.

बोट पंधरा फुटी, फायबरची. आत पावसाचं पाणी, शेवाळ आणि सहकुटुंब राहणारा एक बेडूक. पहिला प्रश्न उठला तो अर्थात पार्किंगचा. सेक्रेटरींचं म्हणणं, एवढं धूड म्हणजे चारचाकीचाच दर. मी ट्रेलरची चाकं मोजून दाखवली. दोन. सभेत यावर जी चर्चा झाली तेवढी पाण्याच्या टाकीच्या गळतीवरही झाली नव्हती. शेवटी तळमजल्यावरच्या आजी उठल्या. १२ जुलै १९६१ ला त्या नारायण पेठेत होत्या. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, तेव्हा शेजारच्या वाड्याच्या माडीवरून त्यांनी पाणी चढताना पाहिलेलं. ‘राहू दे ती बोट,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही कुणी पाणी बघितलेलं नाही.’ सभा संपली. पावतीवर ‘दुचाकी’ असं लिहून मिळालं.

बोटीचं खरं दुखणं मागच्या फळीत असतं. इंजिन तिच्यावरच लटकतं. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपलं की प्लाय वर्षानुवर्षं गुपचूप कुजत राहतो आणि वरचा रंग मात्र टकाटक. मी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि मागून पाण्याची धार लागली. मग भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून मरीन प्लाय आणला. दुकानदाराने विचारलं, ‘किचन ट्रॉली?’ मी ‘बोट’ म्हणालो. त्याने पोऱ्याला हाक मारली, ‘साहेबांना किचन ट्रॉलीचा प्लाय दाखव.’

फायबरच्या कामाला भोसरीचा एक कारागीर आला. एरवी तो पाण्याच्या टाक्या करतो. रेझिनमध्ये कोबाल्ट घालायचं आणि नंतर हार्डनर, पण हे दोघे थेट एकमेकांत कधी ओतायचे नाहीत, भडका उडतो. ‘काका, दोन जावा समजा,’ तो म्हणाला. ‘मधे सासूबाई पाहिजेत.’ सासूबाई म्हणजे रेझिन. तेही मे महिन्यात स्वभावावर गेलं. अर्धा तास ओलं राहायचं ते पुण्याच्या उन्हात बघता बघता डब्यातच दगड झालं, त्यात ब्रश उभाच्या उभा. वर तो वास. तीन घरांनी गॅसचे सिलिंडर बंद केले आणि एका घराने मला ‘काका’ म्हणणं.

हिला धीर यावा म्हणून मी म्हादेईची गोष्ट सांगितली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली. तशी नौका त्यांनी आधी कधी बांधलेली नव्हती. आणि तीच घेऊन २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. हिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘ते बेटावर बांधत होते,’ ती म्हणाली. ‘आपण धानोरी रस्त्याला आहोत.’

इंजिन पंचवीस हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हटल्यावर आमच्या चौकातला जुना स्कूटर मेकॅनिक हातातलं काम टाकून आला. कार्ब्युरेटर उघडला, प्लग पुसला, फुंकला, दोरी ओढली. चालू होईना. त्याने सवयीने बोट एका बाजूला कलती करायला घेतली. मी अडवलं नाही. चाळीस वर्षांची श्रद्धा आहे ती.

इथे मात्र माझ्या सिद्धांताला तडा गेला. या इंजिनाला थंड ठेवायला पाणीच लागतं. आत रबराचं एक चाक खालून पाणी ओढतं. कोरडं फिरवलं तर क्षणात जळून जातं. म्हणजे पंखा बुडेल एवढा पाण्याचा ड्रम हवा. आणि आमच्याकडे पाणी येतं टँकरने. सगळे दुपारच्या झोपेत असताना मी आणि मेकॅनिकने ड्रम भरला. चौथ्या की पाचव्या ओढीला असा गगनभेदी आवाज झाला, की सगळी सोसायटी गॅलरीत येऊन वर बघायला लागली. लोहगावचं सुखोई होतं. ते गेल्यावरही आवाज थांबला नाही, तेव्हा सगळ्यांनी खाली पाहिलं. मेकॅनिकने हर्षभराने गिअर टाकला. पुढच्या क्षणी ड्रममधलं निम्मं पाणी सेक्रेटरींच्या नुकत्याच पुसलेल्या गाडीवर होतं. गाडी भिजल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. टँकरचा हिशेब मात्र त्यांनी तिथल्या तिथे केला.

जूनमध्ये माउलींची पालखी आळंदी रस्त्याने गेली. पाणी प्यायला आत आलेल्या दोघा वारकऱ्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली. ‘यंदा चंद्रभागेला पाणी लई हाय म्हणत्यात, माउली. येता का घेऊन?’ पाण्यात नेण्याचं आमंत्रण तेवढं एकच आलं.

दुसरं आमंत्रण गणेश मंडळाचं. यंदाचा देखावा महाराजांचं आरमार. पोरं मोजमाप घेऊनच आली होती.

‘इंजिनाचं काय रे?’ मी विचारलं.

‘भगवं कापड टाकू काका. आवाज मात्र पाहिजे, आरतीनंतर दोन मिनिटं.’

‘आणि पाणी?’

‘निळा कपडा, खालून टेबलफॅन. एक नंबर लाटा येतात.’

‘आमचा टेबलफॅन मिळणार नाही,’ स्वयंपाकघरातून आवाज आला.