थोडासा चढ

कोकणात अंतर मोजायची मापं दोनच. एक, ‘हे काय, इथंच’ आणि दुसरं, ‘थोडासा चढ आहे’. पहिलं माप आडवं मोजायला, दुसरं उभं. दापोली तालुक्यातल्या प्रेमळ मंडळींनी ही दोन्ही मापं माझ्यावर वापरली, तीही मी सायकलवर असताना.

बेत असा होता की केळशीहून निघायचं, आंजर्ले, हर्णै, मुरुड, लाडघर करत दाभोळ गाठायचं, बोटीनं खाडी ओलांडायची आणि गुहागर. नकाशावर हा रस्ता समुद्राला बिलगून जातो. त्यामुळे डोळ्यांसमोर चित्र होतं ते उजव्या हाताला निळा समुद्र, डाव्या हाताला माड आणि मध्ये शीळ घालत चाललेला मी. बायकोनं नकाशाकडे न बघताच विचारलं, “अहो, तिकडं कोकण रेल्वेला एवढे बोगदे का पाडावे लागले असतील?” मी म्हणालो, रेल्वे आतून जाते, मी किनाऱ्यानं जाणार. एवढ्या आत्मविश्वासानं मी नोकरीतही कधी बोललो नव्हतो.

किनाऱ्याची मेख अशी की गावं सगळी तळाशी. ओढे आणि नद्या जांभ्याचा सडा कापत समुद्राला मिळतात. त्यांच्या तोंडाशी खाडी, खाडीलगत पुळण, पुळणीमागे नारळी-पोफळीची आगरं आणि आगरात घरं. गावाबाहेर पडलात की सड्यावर चढायचं आणि पुढचं गाव आलं की पुन्हा समुद्रसपाटीला उतरायचं. म्हणजे इथला उतार हा उतार नसतोच, हातउसने घेतलेले पैसे असतात. पुढच्या गावाबाहेर सावकार उभाच.

केळशीनंतर लगेच उटंबरचा डोंगर लागला. माझ्या सायकलला एकवीस गिअर आहेत. त्यातल्या सगळ्यात हलक्या गिअरवर पाय मिक्सरसारखे फिरतात आणि सायकल जागची हलत नाही. त्या अवस्थेत डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक आजी मागून आली, शेजारून चालू लागली आणि बघता बघता पुढे गेली. वळणावर थांबून म्हणाली, “गाडी बिघडली काय हो?”

“नाही आजी, गिअर बदलतोय.”

“बदला, बदला. सावकाश बदला.”

पुढं आडे-पाडल्याला मात्र रस्ता खरोखर समुद्राच्या कडेनं जातो. माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र मला तिथं सापडलं. उन्हात वाळत घातलेली मासळी, एक झोपलेलं कुत्रं आणि सपाट, आज्ञाधारक रस्ता. मी शीळही घातली. कुत्र्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

आंजर्ल्याचा गणपती ‘कड्यावरचा गणपती’ म्हणून प्रसिद्ध आहे. नावातच कडा असूनही मी खानावळीतल्या काकूंना विचारलं, “वर जायला चढ आहे का?” काकू पानात तिसरा उकडीचा मोदक ठेवत म्हणाल्या, “छे हो, थोडासा. घ्या, तूप घ्या.” मोदक असा होता की टोक मोडताच आतल्या गुळखोबऱ्याची वाफ चष्म्यावर आली. मी पाच खाल्ले. त्यातले निदान दोन मला कड्याच्या मध्यावर पुन्हा भेटायला आले होते. गणपतीला मी हात जोडले ते सायकलच्या हँडलवरचे हात मोकळे करता यावेत म्हणून.

हर्णैला मासळीचा लिलाव चालू होता आणि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. मी लिलावाच्या गर्दीत दम खात उभा राहिलो, तर माझ्या धापा टाकण्याला बोली समजतील की काय, अशी भीती वाटून काढता पाय घेतला.

मुरुडात मात्र शरमलो. महर्षी कर्व्यांचं बालपण याच गावातलं. 1875 साली ते परीक्षेसाठी इथून साताऱ्याला चालत गेले, सह्याद्री चढून. तिथल्या कमिटीनं त्यांना परत पाठवलं, का, तर वयानं लहान दिसतोस! मी एकवीस गिअर, दोन बाटल्या आणि जेलची गादी घेऊन शेजारच्या गावाला चाललो होतो आणि चहाच्या टपरीवरचा पोरगा मला म्हणत होता, “काका, या वयात कशाला?”

बुरोंडीच्या टेकडीवर परशुरामाचा मोठा पुतळा आहे. त्यानं बाण मारून समुद्र हटवला आणि ही भूमी मिळवली, असं म्हणतात. मिळवली हे खरं, पण सपाटीकरणाचं काम राहून गेलं. एवढी तक्रार मी पुतळ्याच्या पायथ्याशी बसून, तिसरं कोकम सरबत पिताना, अत्यंत आदरपूर्वक नोंदवली.

दाभोळला उतरताना ब्रेक असे किंचाळले की वाटेतली एक कोंबडी पिल्लांसकट घरात गेली. धक्क्यावर तिकीटवाल्यानं मोटारी घेतल्या, टेम्पो घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. “सायकल? पुण्याहून?” “नाही, केळशीहून.” “मग ठीक आहे,” तो म्हणाला. जणू पुण्याहून असती तर डॉक्टरांचा दाखला मागितला असता.

वाशिष्ठीच्या मुखावरची ही खाडी बोटीनं थोड्या मिनिटांत ओलांडता येते. बोट नसेल तर चिपळूणवरून वळसा. बर्फाच्या पेट्या भरलेला टेम्पो आणि सहलीची बस यांच्या मध्ये मी सायकल धरून उभा राहिलो. पायांना काहीच काम नव्हतं. पाडल्यानंतर लागलेला हा पहिलाच सपाट रस्ता, तोही पाण्याचा. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, पलीकडे धोपाव्याहून गुहागरला रस्ता कसा आहे? ते काय म्हणाले ते सांगत नाही.

गुहागरला पोचलो. कसा, ते विचारू नका. बराचसा चालत.

तुम्हीही जरूर जा. डिसेंबरात जा, तेव्हा हवा बरी असते. आंजर्ल्याला मोदक खा, पण दोनच. चढाचं म्हणाल, तर आहे. थोडासा.